मोन्तोने : उंब्रियातील टेकडीवरचे एक गाव आणि नाईक यशवंत घाडगे यांचे सूर्यघड्याळ

रानवाटा

नमस्कार मंडळी,

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात दहा दिवस होतो. त्यांपैकी तीन दिवस मोन्तोने या गावी मुक्काम केला, आणि त्या तीन दिवसांसाठीच हा धागा काढत आहे. असिसी, ओर्विएतो, सान जिमिन्यानो या गावांविषयी मराठीत पुष्कळ प्रवासवर्णने आहेत. मोन्तोनेविषयी मात्र निघण्यापूर्वी शोधूनही मला फारसे काही वाचायला मिळाले नाही, आणि ज्या गावाच्या परिसरात दुसऱ्या महायुद्धात आपल्या रायगड जिल्ह्यातील एका बावीस वर्षांच्या तरुणाने प्राण ठेवला त्या गावाविषयी असे व्हावे, याची मला मनापासून खंत वाटली.

पेरुजिया शहरापासून उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून ४८२ मीटर उंचीच्या टेकडीवर हे गाव वसले आहे. त्याला तीन वेशी आहेत, पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोन्ते आणि पोर्ता देल वेर्जिएरे, आणि वेशींच्या नावांनीच गावाच्या तीन पेठा ओळखल्या जातात. तटाच्या आत गेल्यावर गल्ल्या इतक्या चढउताराच्या आणि अरुंद आहेत की एका घराचे जोते शेजारच्या घराच्या छपराच्या पातळीला येते. इटलीतील सर्वांत सुंदर छोट्या गावांची जी मान्यताप्राप्त यादी आहे, तिच्यात मोन्तोनेचा समावेश आहे. तरीही सकाळी नऊ वाजता चौकात गेलो तेव्हा तिथे आमच्याखेरीज फक्त गावातली माणसे होती, आणि तीही आपापल्या कामाला निघालेली.

चौकाला फोर्तेब्राच्चो घराण्याचे नाव आहे. या घराण्यातील आंद्रेआ फोर्तेब्राच्चो (१३६८–१४२४) हा ब्राच्चो दा मोन्तोने या नावाने प्रसिद्ध झाला. तो पैसे घेऊन सैन्य पुरवणाऱ्या सरदारांपैकी एक होता, आणि त्या काळच्या इटलीत शहरांची आणि पोपची युद्धे अशाच सरदारांच्या बळावर लढली जात. १४१६ मध्ये त्याने पेरुजिया जिंकले आणि तो तिथला धनी झाला. त्राझिमेनो सरोवराचे पाणी चढून आसपासची शेते बुडत असत, म्हणून त्याने डोंगराच्या पोटातून पाणी वाहून नेणारा बोगदा खोदवला. मला त्याच्या लढायांपेक्षा हा बोगदा अधिक मोठा वाटतो. १४२४ च्या जूनमध्ये लाक्विलाच्या वेढ्यात झालेल्या लढाईत जखमी होऊन तो मरण पावला. गावाच्या वरच्या अंगाला त्याच्या घराण्याचा किल्ला होता. पोप चौथा सिक्स्तुस याच्या आज्ञेने १४७८ मध्ये तो पाडण्यात आला, आणि आज तिथे भिंतींचे अवशेष तेवढे उरले आहेत. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांचे दरवाजे आणि पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या, त्याची आठवण तिथे उभे राहिल्यावर होतेच.

सान फ्रांचेस्को हे चौदाव्या शतकातील चर्च आता गावाचे संग्रहालय आहे. आत ब्राच्चोच्या काळात फेरारा येथील चित्रकार अंतोनियो आल्बेर्ती याने काढलेली भित्तिचित्रे आहेत. तेराव्या शतकातील लाकडी शिल्पांचा एक समूह आहे, त्यात क्रूसावरून उतरवलेला येशू आहे. रंग बराच उडाला असला तरी त्या चेहऱ्यावरची थकव्याची छटा अजून स्पष्ट दिसते. परंतु आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो तो बार्तोलोमेओ कापोराली याने १४८२ च्या सुमारास रंगवलेल्या ध्वजापाशी. अशी कापडावरची मोठी चित्रे साथीच्या दिवसांत मिरवणुकीने गावातून फिरवली जात. या ध्वजावर मरियम गावकऱ्यांचे रक्षण करते आहे, आणि खालच्या बाजूला मोन्तोने गाव आपल्या तटासह रंगवलेले आहे. ते चित्र पाहून बाहेर आलो आणि गावाकडे पाहिले, तेव्हा पाचशे चाळीस वर्षांत या गावाची बाह्यरेखा फारशी बदललेली नाही, हे ध्यानात आले.

आता ज्या कारणासाठी आम्ही मुळात तिथे गेलो त्याविषयी. २०२३ च्या जुलै महिन्यात या गावाने त्या तरुणाचे, म्हणजे नाईक (सैन्यातील एक पद) यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान), यांचे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन हे त्याचे बोधवाक्य आहे. अनावरणाला भारताच्या इटलीतील राजदूत उपस्थित होत्या. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दुपार होती आणि काट्याची सावली आखूड पडली होती. माझ्या पत्नीने घरून आणलेले चाफ्याचे सुकलेले फूल तिथे ठेवले. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

आपल्यापैकी कोणी तिथे गेले असल्यास, किंवा या गावाविषयी, त्या लढाईविषयी, तिथल्या कलेविषयी आणि सणांविषयी माहिती असल्यास, ती इथे सविस्तर लिहावी. मराठी माणसाला तिथे जाण्यापूर्वी वाचता येईल असे काहीतरी आपण सर्वांनी मिळून तयार करावे, एवढीच इच्छा आहे.

पलटणकर

रानवाटा, आपण हा विषय काढलात याबद्दल मनापासून आभार. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत नोकरी केली आणि बेळगावच्या केंद्रात नव्या जवानांना घाडगे यांची कथा सांगण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. त्यामुळे लढाईविषयी थोडे लिहितो.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडील गॉथिक रेषेपर्यंत, म्हणजे आपल्या तटबंदीच्या फळीपर्यंत, माघार घेत होते, पण ही माघार म्हणजे पळ नव्हता. प्रत्येक नदी, प्रत्येक कडा आणि टेकडीवरचे प्रत्येक गाव अडवून, पुढे येणाऱ्या सैन्याला काही दिवस खोळंबवायचे आणि मग रात्रीतून मागे सरकायचे, अशी त्यांची रीत होती. टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्यासमोर दहावी भारतीय डिव्हिजन होती, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती. ही पलटण १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत लढून आलेली, म्हणजे कड्यांवरच्या लढाईचा अनुभव असलेली होती.

१० जुलै १९४४ रोजी कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांच्या हाताखालच्या रायफल सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण ठार तरी झाला किंवा जखमी तरी. सोबत येणारा कोणीही उरलेला नाही हे ठाऊक असूनही ते थेट मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा निकामी केला, मग आपल्या टॉमी गनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी ते दस्त्याने लढले आणि दोघांनाही मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते आणि त्यांपैकी ५,७८२ जण मृत्यू पावले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैन्यातील जवानांना मिळाले, आणि त्या सहांतील दोन मराठा पलटणींचे आहेत. दुसरे मानकरी नामदेव जाधव, मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले, शत्रूची तीन ठाणी बंद पाडली आणि मग बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. ते युद्धातून जिवंत परतले.

चित्रवेल

सान फ्रांचेस्कोविषयी एक भर घालते, कारण त्या चर्चमधील एक अतिशय महत्त्वाची गोष्ट आता तिथे नाही, आणि ती मी राहते त्या शहरात आहे.

मोन्तोने येथे राहणाऱ्या लुइजी दे रुतानिस या फ्रेंच वैद्याने १५१५ मध्ये लुका सिन्योरेल्ली या मोठ्या चित्रकाराकडून याच चर्चमधील एका वेदीसाठी चित्र करवून घेतले होते. मधोमध मरियम आणि बाळ येशू, भोवती संत अशी त्याची मांडणी आहे. ते मुख्य चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या खालची लहान चित्रांची पट्टी मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. म्हणजे एकाच वेदीचे दोन भाग दोन देशांत गेले, आणि वेदीची मूळ जागा तिसरीकडे राहिली.

मी लंडनमध्ये ते चित्र अनेकदा पाहिले होते, पण मोन्तोनेला जाऊन आल्यावर ते मला वेगळे दिसू लागले. संग्रहालयात त्याच्यावर वरून समान प्रकाश पडतो आणि पाहणारा दोन मिनिटांत पुढच्या दालनात जातो. त्या चर्चमध्ये बाजूच्या उंच खिडकीतून येणारा प्रकाश तासातासाला सरकतो, आणि हजार-दीड हजार वस्तीच्या गावात तेच चित्र रोज पाहणारी माणसे पिढ्यान्पिढ्या होती. आपल्याकडेही कित्येक मूर्ती देवळातून उचलून परदेशी काचेच्या पेट्यांत गेल्या आहेत, त्यामुळे हे दुःख आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच कापोरालीचा ध्वज अजून त्या गावातच आहे, याचे मोल मला फार वाटते. जो मोन्तोनेला जाईल त्याने त्या ध्वजापुढे घाई करू नये.

सह्यकडा

मी जे लिहिणार आहे ते कोणाच्याही शौर्याचा अनादर करण्यासाठी नाही, हे आधीच सांगतो. माझे आजोबा १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात होते, आणि ते ज्या सरकारच्या तुरुंगात होते त्याच सरकारच्या सैन्यात घाडगे लढले. लहानपणापासून या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची जुळणी मला आजवर झालेली नाही. परक्या राजासाठी परक्या भूमीवर झालेल्या मृत्यूला आपण कोणत्या नात्याने अभिवादन करावे, हा प्रश्न मला खरोखरच पडतो, आणि या धाग्यावर तो विचारणे योग्य वाटते.

पलटणकर

प्रश्न योग्य आहे आणि तो मलाही जवानांनी विचारलेला आहे. मी त्यांना सांगत असे की कोकणातल्या डोंगराळ, कमी पिकाच्या भागात पलटणीचा पगार हा घर चालवण्याचा मार्ग होता, आणि तिथून गेलेल्या मुलाने राजकारण निवडलेले नसे. पण रणांगणावर त्या क्षणी त्याच्यासमोर राजा नसतो. शेजारी पडलेले सेक्शनमधले साथीदार असतात, आणि मागून येणारी कंपनी असते, जिच्यावर ती मशीनगन पुढच्या मिनिटाला वळणार असते. घाडगे धावले ते त्यांच्यासाठी, असे मी मानतो. आपल्या आजोबांच्या त्यागाशी याची तुलना करण्याची गरज मला वाटत नाही.

उंब्रियावासी

मी बारा वर्षांपासून पेरुजियाजवळ राहते. सह्यकडा यांच्या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, ती इथल्या लोकांची. या खोऱ्यातील म्हाताऱ्या माणसांच्या घरी १९४४ चा उन्हाळा अजून बोलण्यात येतो. त्यांच्या दृष्टीने तो उन्हाळा म्हणजे जर्मन ताबा संपण्याचा काळ. पगडी घातलेले किंवा सावळ्या रंगाचे सैनिक कोण होते, ते कोणत्या देशातून आले, हे त्या वेळी त्यांना ठाऊक नव्हते; ते त्यांनी पुढे शोधून काढले आणि ऐंशी वर्षांनी एका नाईकाच्या नावे स्मारक उभारले. कोणी मागणी केली नसताना त्यांनी हे केले, याचा मला आदर वाटतो.

आता सणांविषयी, कारण गावाचा वारसा केवळ दगडांत नाही. ब्राच्चोचा मुलगा कार्लो हाही सरदार होता आणि व्हेनिसच्या चाकरीत होता. त्याच्या कामगिरीबद्दल व्हेनिसने १४७३ मध्ये त्याला येशूच्या काटेरी मुकुटातील मानला जाणारा एक काटा दिला, आणि त्याने तो आपल्या गावाला अर्पण केला. हा पवित्र काटा ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दर्शनासाठी बाहेर काढतात. ऑगस्टमध्ये त्या दानाचा उत्सव आठवडाभर चालतो. तिन्ही पेठा पंधराव्या शतकातील पोशाख करून धनुर्विद्येत आणि रस्त्यावरच्या नाट्यप्रवेशांत एकमेकींशी स्पर्धा करतात, आणि जिंकलेल्या पेठेला त्या वर्षीची गढीची राणी निवडण्याचा मान मिळतो. पोशाख शिवण्याचे काम हिवाळ्यापासून सुरू असते. माझ्या ओळखीच्या एका आजींनी मला बाहीवरची जुन्या पद्धतीची टाचणी दाखवली होती, आणि ती मला आमच्या घरच्या गोधडीच्या टाक्याची फार जवळची वाटली.

याखेरीज १९९७ पासून दर जुलैत गावाच्या चौकात चित्रपट महोत्सव होतो, आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या आरंभी जंगलातील उत्पन्नाची जत्रा भरते, तीत अळंबी, चेस्टनट आणि या खोऱ्यात मिळणारी पांढरी त्रुफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी) असते. खाण्यात तोर्ता आल तेस्तो अवश्य मागावी. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा, पूर्वी दगडाचा किंवा मातीचा असे. त्यावर भाजलेली ही जाड पोळी मधून चिरून आत पालेभाजी किंवा मांस भरतात. शाकाहारी मंडळींनी नुसती पालेभाजी घातलेली मागावी, ती सहज मिळते. इथला नेहमीचा पाव बिनमिठाचा असतो, त्यामुळे पहिल्या घासाला काहीतरी चुकले आहे असे वाटू देऊ नये.

जाण्यासाठी स्वतःची किंवा भाड्याची गाडी सर्वांत सोयीची. उंबेर्तिदे हे खालचे मोठे गाव, तिथून वर चढण्याचा रस्ता आहे. गाडी तटाबाहेर ठेवावी लागते. बसवर विसंबायचे असेल तर रविवार आणि सुटीचे दिवस टाळावेत.

माणगावकर

मी माणगावचा. यशवंतरावांचे पळसगाव आमच्याच तालुक्यातले, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. शाळेत असताना पुतळ्याला हार घालायला आम्हांला रांगेने नेत असत. पण ते कुठे लढले, ती जागा कशी दिसते, हे मला आज पहिल्यांदा वाचायला मिळाले. आमच्या कल्पनेत इटली म्हणजे नुसता नकाशातला बूट होता.

रानवाटा, मला एक विचारायचे आहे. तिथले डोंगर आमच्याकडच्यासारखे आहेत का? हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण मरताना त्यांना आजूबाजूला काय दिसले असेल, हे जाणून घ्यावेसे वाटते.

रानवाटा

माणगावकर, हा प्रश्न मुळीच बाळबोध नाही. मी त्याच दृष्टीने तिथे पाहत होतो.

सह्याद्रीचा काळा कातळ आणि सरळ कडा तिथे नाही. टेकड्या गोलसर, ओकच्या झाडांनी भरलेल्या आहेत, उतारांवर ऑलिव्हच्या रांगा आणि खाली नदीकाठी सपाट शेते. जुलैत कापणीच्या सुमारास तिथे सारे पिवळे आणि कोरडे असते, आणि त्याच दिवसांत आपल्या भागात भातलावणी चालू असते. भर जुलैत कोरड्या मातीचा वास येणे हे कोकणातल्या मुलाला किती परके वाटले असेल, असे मला तिथे वाटून गेले. पण संध्याकाळी खोऱ्यात धुके उतरते आणि टेकडीमागे टेकडी निळी होत जाते, तेव्हा मात्र माणगावहून ताम्हिणीकडे पाहिल्यासारखे वाटते.

सह्यकडा, आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. एवढेच सांगतो की त्या स्मारकाच्या बोधवाक्यात कोणत्याही राजाचा किंवा झेंड्याचा उल्लेख नाही. ज्या चार माणसांशी घाडगे लढले तीही कोणाची तरी मुले होती, आणि सूर्य एकच हे म्हणताना गावाने त्यांनाही वगळलेले नाही, असे मला वाटले.

छायाप्रकाश

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे सूर्यघड्याळाविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोन्तोने इटलीच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य घड्याळापेक्षा सुमारे अकरा मिनिटे उशिरा मध्यावर येतो. त्यात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, आणि जुलैत सूर्याच्या गतीमुळे आणखी पाचसहा मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे १० जुलैला तिथे खरी मध्यान्ह होते तेव्हा मनगटावरच्या घड्याळात दुपारचा सव्वा वाजून गेलेला असतो. त्या क्षणी काट्याची सावली सर्वांत आखूड असते, पण ती नाहीशी कधीच होत नाही, कारण त्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येत नाही. माणगावात मात्र तो वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि जुलैअखेरीस, थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी विरून जाते. जुलैतला तो दिवस पावसामुळे सहसा दिसत नाही.

माणगावकर

छायाप्रकाश सर, हे मी आमच्या शाळेत जाऊन सांगणार आहे. मे महिन्यातल्या त्या दिवशी पुतळ्याशेजारी एक काठी उभी करून मुलांना दाखवता येईल, आणि तेव्हाच मोन्तोनेच्या घड्याळाची गोष्टही सांगता येईल.

पुढच्या वर्षी मुलाकडे जर्मनीला जाणार आहे, तेव्हा १० जुलैच्या सुमारास मोन्तोनेला जाण्याचा विचार पक्का केला आहे. पळसगावची थोडी माती सोबत न्यावी असे घरच्यांचे म्हणणे आहे. तिथे समाधी किंवा कबर आहे का, हे कोणी सांगू शकेल का?

पलटणकर

माणगावकर, त्यांची स्वतंत्र कबर नाही. इटलीत पडलेल्या ज्या सैनिकांची समाधी ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावे रोमच्या दक्षिणेला कासिनो येथील स्मारकाच्या दगडी फलकांवर कोरलेली आहेत, आणि यशवंतरावांचे नाव तिथे आहे. मोन्तोनेपासून ते लांब आहे, म्हणून आधी कासिनो आणि मग उत्तरेला मोन्तोने असा मार्ग ठेवावा. नावे पलटणीनुसार लावलेली आहेत, तेव्हा इंग्रजीत मराठा हे जुन्या स्पेलिंगने कसे लिहीत ते पाहून जावे, म्हणजे फलक लवकर सापडेल. माती परदेशी नेण्यावर विमानतळावर निर्बंध असतात. त्याऐवजी गावच्या विहिरीपाशी वाहिलेले फूल सुकवून न्यावे, जसे रानवाटा यांच्या पत्नीने नेले.

रानवाटा

आणि जुलैत जाणार असाल तर राहण्याची सोय मार्चपूर्वी करून ठेवा. महोत्सवाच्या दिवसांत तटाच्या आतल्या खोल्या संपतात. आम्ही ज्यांच्या घरी राहिलो त्या बाईंना मी माणगावविषयी सांगितले होते. त्यांनी त्यांच्या वहीत ते नाव माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतले आहे. आपण त्यांच्याकडे उतरलात तर ती वही मागून पाहा.